तिसरं केळं

"सहा पूर्णांक एक," नर्सनं कागद बघून सांगितलं. "साडेसहा लागतं. घरी जा, जास्त झालं की या."

रिगोबेर्तोनं नुसती मान हलवली. बोलायला त्याच्यात दम नव्हता. तीन रात्री तो खुर्चीत बसूनच झोपला होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय इतके सुजले होते की सपातांचे पट्टे कापावे लागले होते. आता घरी जाऊन 'जास्त' होईपर्यंत थांबायचं, आणि झालंच तर परत यायला माणूस उरेल का, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. नियम काही तिनं केलेला नव्हता.

नियम तसा साधा होता. किडन्या गेलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा मशीनवर घ्यावं लागतं. पण रिगोबेर्तोकडे कागदपत्रं नव्हती, म्हणून विमा नव्हता, आणि ह्यूस्टनचं हे इस्पितळ बिनविम्याच्या माणसाला मशीनवर घ्यायचं ते तो मरायला टेकल्यावरच. टेकला की नाही, ते रक्तातलं पोटॅशियम ठरवायचं. असं दर आठवड्याला मरणाच्या दारातून ओढून आणायला साध्या डायलिसिसच्या कितीतरी पट खर्च येतो, हे मागे एका डॉक्टरनंच त्याला खालच्या आवाजात सांगितलं होतं. एवढा श्रीमंत देश, आणि पैसे वाचवायची ही तऱ्हा.

त्याची बायको नोएमी त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली. दारासमोरच्या सावलीत, बाकांवर, सोमवारची सगळी मंडळी बसली होती. कुणी टोमॅटोचा रस पीत होतं, कुणी संत्रं सोलत होतं. पोटॅशियम चढवतं म्हणून किडनीच्या माणसानं जे तोंडाला लावू नये, ते सगळं तिथे खाल्लं जात होतं. ओब्दुलिया मावशी त्यांच्यात सगळ्यांत मुरलेली. या बाकावर तिनं सहा वर्षं काढली होती.

"किती आलं?" तिनं विचारलं.

"सहा एक," नोएमी म्हणाली.

"थोडक्यात हुकलं की गं. केळी किती खाल्ली यानं?"

"दोन."

मावशीनं रसाचा डबा बाजूला ठेवला. "तिसरं जपून. सान्तोसनं घाई केली होती. आकडा आला त्याचा, चांगला साडेसात. त्याला बोलवायला आले तेव्हा तो याच बाकावर बसल्याबसल्या गेलेला."

केळी नोएमीच्या पिशवीत होती. सकाळी रिगोबेर्तोनंच दुकानात उभं राहून, दम खात, निवडून घेतलेली. तीन पिवळी आणि तीन कच्ची हिरवी. होंडुरासला असताना अकरा वर्षं त्यानं मळ्यात केळीचे घड तोडले होते. कुठलं केळं किती दिवसांत पिकेल हे तो नुसतं हात लावून सांगायचा. त्या अकरा वर्षांत त्यानं स्वतः किती केळी खाल्ली असतील कोण जाणे, पण आता त्याला वासानंसुद्धा मळमळायचं.

त्यानं हात पुढे केला. नोएमीनं पिशवी छातीशी धरली.

"मी माझ्या हातानं नाही देणार," ती म्हणाली.

"मग रात्री माझ्या उशाशी बसून काय करशील?"

तिला त्याचा राग आला, इस्पितळाचा आला, मावशीचा आला. कशाला सांगितलं हिनं सान्तोसचं? मग तिनं तिसरं केळं काढलं, सोललं आणि त्याच्या हातात दिलं. तो बारीक बारीक घास घेत राहिला. ती त्याच्या छातीवर तळहात टेकून बसली. मधेच त्याचा एखादा ठोका चुकला की ती तळहात आणखी दाबून धरायची. तरी 'पुरे' म्हणायची तिची हिंमत होईना. पुरे म्हणजे घरी.

दोन तासांनी त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं. तीच नर्स होती. सकाळचाच माणूस परत का आला, हे तिनं विचारलं नाही. त्याच्या ओठाच्या कडेला लागलेलं केळं तिनं कापसानं पुसलं आणि मग रक्त घेतलं.

"सहा पूर्णांक नऊ," ती परत येऊन म्हणाली, आणि तिनं वळून आत हाक मारली. लगेच दोघंजण चाकांची खाट घेऊन धावत आले.

नोएमीनं आनंदानं नर्सला मिठीच मारली. सरकत्या दारातून बाहेर मावशी दिसत होती. नोएमीनं तिला बोटांनी आकडा दाखवला, तसं बाकावरच्या दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग, आपला नवरा मरायला टेकला म्हणून आपण हसतोय, हे नोएमीच्या ध्यानात आलं. ती तिथेच फरशीवर बसून हुंदके देऊन रडली.

रिगोबेर्तोच्या छातीला तारा चिकटवल्या, नाकावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. खाट हलली तशी नोएमी उठून खाटेबरोबर चालू लागली. दाराशी त्यानं मास्क जरा बाजूला ओढला आणि पिशवीकडे बोट केलं.

"ती हिरवी उन्हात ठेवू नकोस," तो म्हणाला. "कागदात गुंडाळ. पुढच्या सोमवारपर्यंत बरोबर पिकतील."