रोज दहा पावलं

"आज कुठवर?" बापूजींनी खुर्चीतूनच विचारलं.

"निंबाच्या पुढं," काजल म्हणाली. झाकण लावलेली बादली तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

बापूजी म्हणजे तिचे सासरे. बंगल्याच्या फाटकाशी त्यांची खुर्ची, आणि फाटकाची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. वर खांबावर कॅमेरा. नुसता पाहणारा असता तरी चाललं असतं, हा मेला बोलायचासुद्धा! तिचा नवरा नीलेश पुलगावच्या दुकानात बसून मोबाइलवर अंगण बघायचा आणि मध्येच खांबातून आवाज यायचा, "काऊन व, इतका वेळ काय करून राह्यली तिथं?" दर वेळी काजल दचकायची. नवऱ्याचा आवाज खांबातून ऐकायची सवय होते का कुणाला?

गेल्या वर्षी नीलेशनं शेतातल्या या बंगल्यापुढं स्विमिंग पूल बांधला. निळ्या टाइल्सचा, पंचक्रोशीत एकुलता एक. दोस्त यायचे, डुंबायचे, फोटो काढायचे. काजलनं त्यात पायाचं बोटही बुडवलं नव्हतं. घरची बाई पाण्यात कशी दिसेल! त्याच न्यायानं तिची नोकरीही अडली. आष्टीच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिची ऑर्डर निघाली होती. महिन्याभरात रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. "लोकं म्हणतीन, बायकोच्या पगारावर पोहून राह्यला," नीलेश म्हणाला, आणि विषय संपला. तिचा मोबाइल दुकानाच्या गल्ल्यात गेला. फाटकाला कुलूप लागलं. काजलला रडू येईना, इतका संताप आला होता. त्या मुदतीचा शेवटचा दिवस आजचा, शुक्रवारचा होता.

त्यात या गांधील माश्या. मे महिना, आजूबाजूचे नाले ठणठणीत, पाणी काय ते एवढ्या पुलात. काठावर त्यांची नुसती जत्रा भरायची. एप्रिलात एकीनं नीलेशच्या खास पाहुण्याच्या पापणीला डंख मारला. एवढा मोठा माणूस आणि डोळा लिंबाएवढा! खापर फुटलं काजलच्या डोक्यावर. "या महिन्यात ते पुन्हा येऊन राह्यले. एक जरी माशी दिसली तं पाह्यजो!"

काजलनं धूर केला, कडुनिंबाचं तेल लावलं, झाडूनं हाकललं. दोन डंख तिनंच खाल्ले. शेवटी बापूजींनाच राहवलं नाही.

"तहानलेल्या जीवाले हाकलून काय होते? दुसरीकडं पाणी ठेव. घमेल्यात, जरासा गूळ टाकून. अन् रोज दहा पावलं दूर सरकव. एकदम नेशील तं ध्यानात येते. हयूहयू नेलं का कोणाले काई समजत नाई."

म्हातारा बोलला ते खरं निघालं. पहिल्या दिवशी घमेलं पुलाच्या काठाशी, मग मोगऱ्याजवळ, मग पेरूखाली. माश्या गुमान मागं मागं गेल्या. आठवड्याभरात घमेलं फाटकाला टेकलं, आणि मग बाहेर पडलं. त्या दिवशी बापूजी कुलूप हातात घेऊन उभे राहिले, ती आत येईपर्यंत. खांबही ओरडला, "कुठं चालली?"

"पाणी ठेवाले."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. चौथ्या दिवशी बापूजी उठले नाहीत, किल्ली काढून दिली. पुढं पुढं खांबानंही विचारणं सोडलं. काल घमेलं रस्त्याकडच्या निंबाच्या झाडापाशी पोचलं. तिथवर कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती. बापूजींनी पेपरातून मानही वर केली नाही. काजल सावलीत जरा टेकली. माश्या घमेल्याच्या काठावर बसून पाणी पीत होत्या, पुलाची आठवणही नसल्यासारख्या. समोर फाट्यावर आर्वीची दहाची गाडी थांबली, दोन माणसं चढली, गाडी गेली. आर्वीहून पुढं आष्टी. निंबापासून फाटा कितीसा, फार तर शंभर पावलं! काजलच्या अंगावर सर्रकन काटा आला. सवय एकट्या माश्यांनाच लागली नव्हती.

आज तिनं बापूजींसमोर हात पुढं केला. त्यांनी त्यावर किल्ली ठेवली.

"बादली लय भरली वाटते."

"ऊन वाढलं ना, बापूजी." ती मुद्दाम एका बाजूला कलून चालत होती. कुलूप निघालं. किल्ली तिनं परत त्यांच्या हातात दिली आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं.

"काजल!"

खांब बोलला होता. ती जागच्या जागी थिजली.

"बादलीत काय हाय?"

"पाणी."

मागं बापूजींनी पेपराचं पान उलटलं. दूर रस्त्यावर दहाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"परवा पावणे येऊन राह्यले, ध्यानात हाय ना?" नीलेश म्हणाला. "आज चांगली दूर ने. निंबाच्याबी पुढं. एकबी वापस आली नाई पायजे. समजलं?"

बादलीत पाण्याचा थेंब नव्हता. ऑर्डर होती, नर्सिंगची सर्टिफिकेटं होती, दोन साड्या होत्या.

"समजलं," काजल खांबाकडं बघत म्हणाली. "वापस नाई येणार."