गोग्रास

"या बांडीला आता बाजारच दाखवतो!" रणजित आईवर खेकसला. आपोआप दूध काढणारं यंत्र बसवल्यापासून बाकीच्या गाई कुरणातून आपणहून गोठ्यात येत, यंत्रात उभ्या राहून पेंड खात, दूध देत आणि पुन्हा चरायला जात. बांडी मात्र कुंपणापाशीच थांबून राही. कास तटतटली तरी तिला दोरी लावून ओढत न्यावं लागे.

इतके दिवस हौसाबाई मनातून सुखावल्या होत्या, की हिला माझाच हात लागतो. पण आत्ता पदराखालची गरम भाकरी हाताला चटके देत होती. रोजची पहिली भाकरी बांडीला, गोग्रास म्हणून, तीही त्याच कुंपणापाशी. भाकरी तिथं मिळत असेल, तर ती गोठ्यात जाईल कशाला?

"आजचा दिवस थांब," म्हणत त्यांनी भाकरी यंत्राच्या गव्हाणीत ठेवली, तिथूनच बांडीला हाक मारली आणि ती आत शिरताच बाजूला झाल्या.

"आई, गेली की गं!" रणजित ओरडला.

हौसाबाईंनी पदर झटकला. आता हिला आपलं काय काम? कुंपणाच्या कडेनं त्या घराकडे निघाल्या.

थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. भाकरी खाऊन, दूध देऊन बांडी बाहेर आली होती. समोरचं हिरवं गवत सोडून ती कुंपणापाशी आली आणि खाजवून घ्यायला तिनं मान पुढं केली.