गरम पेज

पेजेचा घोट पोटात गेला की इंदूबाई वाडगा खाली ठेवायची आणि पोटाचा अंदाज घ्यायची. पोट गप्प राहिलं तर पुढचा घोट. आज ते गप्प होतं. ओटीवर बसून ती पुन्हा वाडगा उचलणार, तेवढ्यात तिला चिंचेखाली धोंडूबाई दिसली. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली, नेरळच्या बाजारातून विकायला आणलेली. धोंडूबाईने इंदूबाईच्या घराकडे पाहिलं, सरळ वाट सोडली आणि शेताच्या बांधावरून लांबचा फेरा घेत ती आपल्या घराकडे गेली.

“बघितलंत ना?” इंदूबाई नवऱ्याला म्हणाली. “रोजचं हाय हे.”

कोंडाजी दोरी वळत होता. मान वर न करता तो म्हणाला, “कामाची बाई हाय ती. घाई असंल.”

“घाई असली की मानूस जवळची वाट धरतं का लांबची?”

कोंडाजी दोरी वळत राहिला.

इंदूबाईला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. मुंबईच्या इस्पितळात विजेचे शेक घेऊन ती पोशीरला आपल्या गावी परतली, तेव्हा अंगात त्राण नव्हतं आणि अन्न नुसतं दिसलं तरी पोटात ढवळायचं. उरलेले शेक महिन्याभराने द्यायचे होते. अशीच काटकी होऊन आलीस तर ते सोसणार नाहीत, मी परत पाठवीन, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणजे सगळा खेळ पोटात अन्न ठरण्याचा होता.

पहिल्याच दिवशी तो हरायची वेळ आली. धोंडूबाई बाजारातून परस्पर तिला भेटायला धावत आली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, तेव्हापासून जीवाभावाच्या. आणि तिच्यादेखत इंदूबाईने वाडगाभर पेज भडाभडा ओकून टाकली. धोंडूबाई उंबऱ्यावरूनच मागे फिरली. ती गेली ती गेलीच.

इंदूबाईने मात्र हाय खाल्ली नाही. पेज गरम होती म्हणून उलटली, असा निकाल तिने देऊन टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून पोटाला शिस्त लावायला घेतली. पेज कोमट, तीही घोटाघोटाने. मळमळलं की आल्याचा तुकडा दाढेखाली. महायुद्धापायी साखर मिळत नव्हती, म्हणून गुळाचं पाणी, दिवसभर थोडं थोडं. दुपारी दार लोटून स्वस्थ पडायचं. शेकलेल्या जागी साबण नाही की तेल नाही. काष्टा करकचून घालायचा सोडून तिने जुनं मऊ लुगडं सैल गुंडाळलं, तेव्हा शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

“हसा,” ती म्हणाली. “बरी झाले की पुन्यांदा काष्टा घालीन. पोट काय पुन्यांदा मिळत नाय.”

आणि पोट खरंच वठणीवर आलं. पेजेमागून मऊ भात आला, भातामागून मुगाचं वरण. गालफडं भरू लागली. “त्या दिशी पेज गरम व्हती, तिथंच चुकलं,” असं ती येईल त्याला सांगायची आणि आपल्या हुशारीवर खूश व्हायची. सलत होतं ते एकच. सगळी आळी ओटीवर येऊन बसत होती आणि जिच्यापाशी मन मोकळं करायचं ती बांधावरून निघून जात होती. आपल्या रोगाला ती भ्याली, हे इंदूबाईच्या मनाने घेतलं होतं. रोगापेक्षा तेच जास्त दुखत होतं.

मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला राहवलं नाही. कोंडाजी नको नको म्हणत असताना ती उठली आणि वाटेत टेकत, दम खात धोंडूबाईच्या अंगणाशी पोचली.

धोंडूबाई दारातच होती. इंदूबाईला बघताच ती झटकन आत सरली आणि तिने दार ओढून घेतलं. “तिथंच थांब,” ती आतून म्हणाली. “फुडं येऊ नको.”

इंदूबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण आवाज हलला नाही. “भिऊ नको गं. हा रोग कुनाला लागत नाय, मोठ्या डॉक्टरला इचारलंय मी. उद्या शेक घ्यायला चालले. आनि बरी होऊनच येनार हाय. मग कुठं कुठं तोंड लपवशील?”

मागल्या बाजूला पाणी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मग घराला वळसा घालून धोंडूबाई आली. हातपाय घासून धुतलेले, अंगावर दुसरं लुगडं. वारा कुठून येतो ते तिने बघितलं आणि अंगणाच्या खालच्या कडेला, इंदूबाईपासून दूर उभी राहिली.

“रोगाला कोन भितंय?” ती म्हणाली. “घरात सुकट हाय. वास तुझ्यापतूर आला असता.”

धोंडूबाई आणखी एक पाऊल मागे सरली.

“पयल्या दिशी तुझी पेज गरम नव्हती, इंदू. माझी टोपली दारात व्हती.”