चौथा खांदा

तीन खांदे होते. चौथा मिळेना.

गोदूबाई पहाटे गेली. ऊन चढलं तरी तिरडी अंगणातच होती. विस्तवाचं मडकं मुलाने धरायचं. पण माणसंच नव्हती, म्हणून महिपतने ते बायकोच्या, शेवंतीच्या हाती दिलं आणि स्वतः आईच्या उशाशी खांद्याला लागला. पायाशी त्याचा जावई आणि रेवदंड्याहून आलेला मेहुणा. शववाहिनी नाक्यावर उभी होती. कोळीवाड्याच्या गल्लीत ती शिरत नव्हती. तिथपर्यंत तरी चौघं हवेच होते.

गल्लीत माणसांना तोटा नव्हता. पण दारं लोटलेली होती आणि फटींतून डोळे बघत होते. गावकीने महिपतला वाळीत टाकलं होतं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला बर्फ विकायचा नाही, त्याच्या घरच्या मयताला जायचं नाही. जो जाईल तोही वाळीत. तिकडे भाईंदरला टॉवरवर टॉवर उठत होते, इकडे खाडीकाठी अजून गावकीच्या ईश्वर पाटलाचा शब्द चालत होता. गावात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरं होती. ह्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

समोरच्या ओट्यावर बस्त्याव उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. रविवार होता, आणि चर्चची घंटा दुसऱ्यांदा वाजत होती.

"चल, मिस्सा चुकंल," त्याची बायको नातालीन म्हणाली.

तो हलला नाही.

"तिकडं बघू नको. आपली होडी कोणी फोडली, विसरलास?"

तो विसरला नव्हता. होडी लावायच्या जागेवरून भांडण झालं, आणि भर तुफानात महिपतने त्याच्या होडीचा दोर कापला. होडी खडकावर आपटून फुटली. तेव्हापासून बस्त्याव दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होता. महिपतने गुन्हा कबूल केला नव्हता. माफी तर लांबच राहिली.

"गेल्या रविवारी फादरनी काय वाचलं?" बस्त्यावने विचारलं.

नातालीनलाही ते आठवत होतं. शत्रूंवर प्रीती करा. दोघांनी शेजारी बसून, माना डोलवत ऐकलं होतं.

"ते अजून केलं न्हाय," तो म्हणाला. "आज नवीन ऐकून काय करू?"

तो ओट्यावरून उतरला. चपला काढल्या आणि गल्ली ओलांडली. त्याला येताना बघून महिपत आडवा आला.

"कशाला आलास? मजा बघायला?"

होडी फुटल्यापासून बस्त्याव महिपतशी एक शब्द बोलला नव्हता. राग गेला नव्हता. घशात अडकलेल्या काट्यासारखा तो अजून टोचत होता. प्रीती कशी करतात ते त्याला कळत नव्हतं. खांदा कसा देतात ते येत होतं. तो वाकला आणि उशाकडचा रिकामा बांबू धरला.

महिपत आपल्या बांबूशी परतला. मग तोही वाकला. तिरडी उठली.

चार घरं ओलांडली नसतील, तोच ईश्वर पाटील माणसं घेऊन वाटेत उभा राहिला.

"बस्त्याव, हो बाजूला! अरे, ही शिक्षा कोणासाठी केली आम्ही? तूच रडत आला होतास गावकीत. याला धडा शिकवा म्हणालास. तुझ्यासाठी सगळा गाव याच्याशी बोलायचा बंद झाला!"

"व्हय. मीच मागितली," बस्त्याव म्हणाला. "म्हणून पयलं मीच यायला पायजे होतं."

"मग ऐक. आत्ता सरकला न्हायस, तर आजपासून तुझंही घर वाळीत. होडीवर काम न्हाय. बायकोच्या पाटीला बाजारात जागा न्हाय."

बस्त्यावने ओट्याकडे मान वळवली. ओटा रिकामा होता. नातालीन खाली उतरली होती. चर्चच्या साडीतच ती पुढे गेली, मडकं धरून एकट्या उभ्या असलेल्या शेवंतीच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. सकाळपासून शेवंतीला कोणी शिवलंही नव्हतं. ती आता कुठे रडली.

बस्त्यावने बांबू खांद्यावर नीट घेतला.

"टाक वाळीत," तो ईश्वरला म्हणाला. "बरंच झालं. वाळीतल्याने वाळीतल्याशी बोलायला तर गावकीची बंदी न्हाय ना?"

ईश्वर एक पाऊल बाजूला सरला.

बस्त्यावने बाजूला पाहिलं. दुसऱ्या बांबूखाली महिपत खालमानेने उभा होता.

"चल, महिपत," बस्त्याव म्हणाला. "म्हातारीला ऊन लागतंय."