फळीचं दुसरं टोक

भीमेच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले, की हन्नाबाई आणि त्यांचे यजमान स्टीफन सर दर हिवाळ्यात होडीतून बघायला यायचे. पावसाळ्यात सर गेले. यंदा बाई एकट्याच आल्या.

माणूस एकटं असलं, की नावाडी कानिफनाथ तोलासाठी बसायच्या आडव्या फळीच्या दुसऱ्या टोकाला दगड ठेवायचा. आज दगड ठेवला, तशी होडी तिकडंच कलली. त्यानं तो उचलून काठावर टाकला. होडी सरळ झाली.

"दगड लागत न्हाई, बाई," तो खाली बघत म्हणाला.

नदीच्या मध्यावर पोचले, तेव्हा समोरचा सगळा थवा उडाला. होडी रिकाम्या बाजूला एकदम झुकली.

बाई दरवर्षीसारख्याच म्हणाल्या, "अहो, इतकं वाकू नका."

होडी हळूच सरळ झाली.