पिन काढायची रीत

मालतीने रिक्षाची पिन चार्जिंगच्या खोक्यात खुपसली, फोन दाखवला आणि खोक्याचं दार खट्टकन लागलं. सवयीने तिचे पाय घराकडे वळले. चार पावलांवर ती थांबली. मागच्या रिक्षात मनोहर आपल्या नंबरची वाट पाहत बसला होता.

काल इथेच घोळ झाला होता.

सौंसरच्या बस स्टँडामागचं हे चार्जिंग कालपासून नव्या कंपनीकडे गेलं. जुन्या कंपनीच्या वेळी भिंतीला एक उघडा बोर्ड होता. बॅटरीची रिक्षा लावायची आणि आपल्या कामाला निघून जायचं. दिवा हिरवा झाला की मागच्या नंबरवाल्याने पिन काढायची, भरलेली गाडी लिंबाखाली ढकलायची आणि स्वतःची लावायची. ही रीत कोणी ठरवली नव्हती, कोणी मोडलीही नव्हती.

मालती आणि मनोहरचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. नागपूरच्या बसमधून उतरलेल्या एका सवारीवरून दोघांची भर स्टँडात जुंपली होती. बाईमाणसाने घरची चूल पाहावी, असं तो म्हणाला होता, आणि तिने त्याच्या पिकलेल्या मिशीचा उद्धार केला होता. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एक जण रस्त्याकडे पाही. तरी रोज दुपारी तिची पिन त्यानेच काढली, आणि वायर गुंडाळून तिच्या सीटवर ठेवली.

नव्या खोक्यात तशी सोय नाही. कंपनीचा प्रतीक नावाचा माणूस सगळ्यांना गोळा करून समजावून गेला होता. ज्याच्या फोनने दार लागलं, त्याच फोनने ते उघडेल, तेही खोक्यासमोर उभं राहून. म्हणजे कोणाची वायर चोरीला जाणार नाही. इथे आजवर कोणाची गेली का, असं मनोहरने विचारलं, तर प्रतीक हसून म्हणाला, तुमच्याकडचं ठाऊक नाही, मोठ्या शहरांत जाते.

घरी मालतीची सासू होती. लकव्याचा झटका आल्यापासून तिचं तोंड वाकडं झालं होतं, आणि घास मालतीच्याच हातून उतरत होता. शेजारच्या नलिनीने एकदा भरवून पाहिलं, तर ठसका लागून म्हातारीचे डोळे पांढरे झाले. म्हणून सकाळच्या शाळेची पोरं घरी सोडली की रिक्षा चार्जिंगला लावून मालती घरी जाई आणि दीडपर्यंत परत येई. काल ती तशीच गेली. परत आली तर तिची गाडी केव्हाच भरली होती, दार बंद होतं, आणि मनोहर बॅटरी संपलेल्या रिक्षापाशी उभा होता. बोरगावच्या दोनच्या पाळीचे कामगार त्याच्या हातून गेले होते. आता हा शिव्या घालणार, म्हणून तिने पदर खोचून तयारी ठेवली. पण त्याने नुसतं हँडल धरलं. रिक्षा ढकलत घराकडे गेला.

शिव्या परवडल्या असत्या. गाडीपाशी थांबावं तर म्हातारी उपाशी, घरी जावं तर मागच्याचं पोट मारलं जातं. आज सकाळी तिने नलिनीला सांगूनही टाकलं होतं, की रिक्षाला गिऱ्हाईक पाहा.

ती मागे फिरली. मनोहरच्या रिक्षासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने फोन पुढे केला.

"दिवा हिरवा झाला का काढजा."

मनोहरने फोनकडे पाहिलं, मग चहाच्या टपरीकडे. "तुमचा फोन माह्याजवळ? सारं स्टँड हासन."

"दोन वर्सं पिन काढली, तवा कोणी हासलं नाही."

त्याने मिशीवरून हात फिरवला. खाली उतरला आणि फोन घेतला. फोनच्या कुलपाचे आकडे विचारले.

"एक, चार, एक, शून्य."

"ध्यानात राहते," तो म्हणाला. "चौदा ऑक्टोबरले दीक्षाभूमीच्या गर्दीनं नागपूरच्या बशीत पाय ठेवाले जागा नसते."

मालतीला हसू येता येता राहिलं. ती झपाझप निघाली. कोपऱ्यावर पोचते तोच मागून हाक आली. मनोहर धापा टाकत येत होता.

"बिनफोनच्या कुठं चालल्या? म्हातारीले काही झालं तं कोणाले सांगसान?" त्याने स्वतःचा फोन तिच्या हातात ठेवला. काच तडकलेली, वरून रबर लावलेलं. "याले कुलूप नाही."

घरी तिने भात कालवला, वरण घालून मऊ केला आणि सासूसमोर बसली. तीन घास नीट उतरले. चौथ्याला बाजूला ठेवलेला फोन वाजायला लागला. काचेवर नाव होतं, माय. मालतीने तो वाजू दिला. थांबला, आणि पुन्हा वाजला. सासूने डोळ्यांनीच खूण केली, उचल. उजवा हात खरकटा होता. तिने डाव्याने उचलला.

"जेवला का रे?" हॅलो नाही, काही नाही. पिकला, कापरा आवाज होता.

पन्नाशी ओलांडलेल्या मिशीवाल्या माणसाला दुपारी असं कोणी विचारत असेल, हे मालतीच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"नाही जी," ती म्हणाली. "त्यायचा नंबर लागाचा हाय अजून."

पलीकडून मनोहरच्या आईने विचारलं, "तू कोण वं बाई?"

सासू तोंड उघडून बसली होती. मालतीने आधी घास भरवला. तो नीट उतरेपर्यंत वाट पाहिली.

"मी त्यायच्या पुढच्या नंबरची," ती म्हणाली.