तिसरी आणि चौथीच्या मधे

पहिली जागा.

सरकती नळी पूर्ण आत; ती जितकी बाहेर, तितकी पुढची जागा आणि खालचा सूर. अभिमनने ट्रॉम्बोनचं तोंड विहिरीत वाकवलं आणि फुंक मारली. सूर खाली गेला, पाण्यावर आपटला आणि भिंती धरून वर आला. काठावर बसलेल्या शेतकऱ्यांनी आत डोकावून पाहिलं.

"आता थांबा, भाऊ," कुंदाताई म्हणाल्या. "विहिरीचं होऊ द्या. मग पुढचा."

कुंदाताई जळगावच्या कॉलेजात संगीत शिकवत आणि सुट्टी लागली की पुलाखाली, पाण्याच्या टाकीत, कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात अभिमनकडून वाजवून घेत. या खेपेला चोपड्याजवळची ही विहीर, झुलाल आबांच्या केळीच्या बागेतली.

बँडमास्तर चुडामण नाना बाभळीखाली बसले होते. मांडीवर नवा कॅसिओ कीबोर्ड. सेल घातले होते, वरचं प्लास्टिक मात्र काढलं नव्हतं.

"यानावर वरातमा कोन नाचस?" त्यांनी ट्रॉम्बोनकडे बोट दाखवत विचारलं.

ते सहज विचारत नव्हते, हे अभिमनला ठाऊक होतं. बँडच्या टेम्पोत एकच जागा उरली होती. येत्या लगीनसराईत तिथे ट्रॉम्बोन बसणार की कॅसिओ, ते नाना आज ऐकून ठरवणार होते.

सातवी जागा.

हात पुरा लांब, खांद्यातून निखळेल इतका. सगळ्यात खालचा सूर. कपारीतली कबुतरं भर्रकन उडाली. माणसं हसली, सरसावून बसली. एवढ्यात पाण्याच्या मोटारीच्या खोपीतला बल्ब लागला.

"लाइट उनी," कोणीतरी म्हणालं.

सगळे उठले. कोणी चपला पायात घातल्या, कोणी हातात घेतल्या, आणि जो तो आपापल्या मोटारीकडे पळाला. झुलाल आबाही खोपीत जाऊन बटण दाबून आले.

"चारला लाइट येते, हे मला कोणीच कसं सांगितलं नाही?" कुंदाताईंनी विचारलं.

"सोमवारपासून पाळी बदलनी, ताई," आबा म्हणाले. "आम्हाले वाटनं, मोटारीसंगेच वाजाडनं शे."

चौथी जागा.

मोटार गुणगुणत होती. शेजारच्या मळ्यात दुसरी, त्यापलीकडे तिसरी. साऱ्या शिवाराचा मिळून एकच सूर. अभिमनने चौथी जागा धरून पाहिली. सूर मोटारीच्या खाली राहिला. तिसरीवर गेला. वर चढला.

मागे कॅसिओ वाजला. नानांनी प्लास्टिकवरूनच एक पट्टी दाबली होती. तिचा सूर मोटारीच्या खाली. शेजारची दाबली. तिचा वर. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. त्यांनी कॅसिओ उलटा करून खालूनही पाहिला.

"यामा नही," ते स्वतःशीच म्हणाले.

तिसरी आणि चौथीच्या मधे.

अभिमनने चौथीवरून नळी दोन बोटं आत घेतली आणि सूर बसला. इतका बसला की आपण वाजवतोय की मोटार, त्याचं त्यालाच कळेना. त्याने डोळे मिटले. दम संपला की तो श्वास घेई, तेवढा वेळ विहीर सांभाळून घेई. कुंदाताईंनी सूचनांची वही मिटली आणि त्या खाली मातीत बसल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. खोपीतला बल्ब विझला. आबांची मोटार थांबली, शेजारची थांबली, तिच्यापलीकडचीही. अभिमनला पत्ता नव्हता. तो वाजवत होता, विहीर साथ देत होती.

बांधावरून शेजारच्या मळ्यातला पुना धापा टाकत आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"लाइट तं गई ना? मंग हाई कोननी मोटार चालू शे?"

नाना कॅसिओ खोक्यात ठेवत होते. त्यांनी झाकण लावलं.

"आमनी," ते म्हणाले.